अमरच्या नावाचं बोलावणं

वडशाच्या रेल्वे फाटकापलीकडे, राईस मिलच्या भिंतीला पाठ लावून रोशनचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं एक शेड, त्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि मिलमधून उडून येणारा कोंडा. दहावीचा निकाल लागला की अर्धा तालुका दारात उभा. एरवी माश्या मारायच्या. ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. तेव्हा आमच्या भागात कॉम्प्युटरच्या दुकानात शिरायचं तर लोक देवघरात शिरल्यासारखे चपला बाहेर काढायचे.

रोशनचा बाप लटारू जवळच्या चिचटोला गावच्या तलावावर मासोळ्या धरायचा आणि पावसाळ्यात दोन बांध्या धान लावायचा. मासोळ्या धरणाऱ्याच्या पोराला कॉम्प्युटरचं काय पडलं होतं, असं म्हणणारे गावात होतेच. ते कोणत्या गावात नसतात? पोरगा नागपूरला एका प्रेसमध्ये कामाला राहिला, सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक जाडजूड जुनं पुस्तक घेतलं आणि ते वाचून वाचून पीएचपी शिकला. पीएचपी ही कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा. इंटरनेटवरची पानं बनवायला लोक ती वापरतात. आता वडशात कोणाला इंटरनेटवर पान हवं होतं? कोणालाच नाही. पण नाद लागला तो लागला. रिकाम्या दुकानात हा असा रमायचा, की गिऱ्हाईक समोर उभं राहून खाकरलं तरी ह्याला पत्ता नाही. त्याची माय गुणाबाई म्हणायची, "याले लवकर बायको पाहा बापा, नाई तं हा त्या डब्ब्यासंगच लगन लावते."

पण ह्या नादाचा गावाला उपयोग झाला आणि त्या उपयोगातूनच पुढचं सगळं घडलं. म्हणून आधी मंडईचं सांगायला हवं.

भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच-सोंग, रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक. पण मंडईची शान नाटकावर नसते, पाहुण्यांवर असते. सासरी गेलेल्या लेकी, जावई, मामे, साळे, विहिणी, सगळे आले पाहिजेत. चिचटोल्यात तर प्रत्येक घराकडून प्रत्येक सोयऱ्याला चिठ्ठी जायची. वरचा मजकूर सगळ्यांचा एकच, पण खाली एक ओळ घरच्या कर्त्या माणसाच्या तोंडची. तिला घरची ओळ म्हणायचे. ती ओळ नसेल तर सोयरे रुसायचे, हे बोलावणं मंडई मंडळाचं झालं, घरचं कुठं झालं म्हणून. दसरू गावतुरे आपल्या सासऱ्याला लिहायचा, "मामाजी, कोंबडा राखून ठेवला आहे, लवकर या." शकुबाई भावाला लिहायची, "दादा, मागच्या साली भांडण अर्धंच राह्यलं, पुरं कराले ये." आणि भाऊ यायचा, भांडण पुरं करायचा, जेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जायचा.

ह्या साऱ्या चिठ्ठ्या मंडळाचे अध्यक्ष भैयाजी हातानं लिहायचे. त्यांचा हात कापायला लागला, तेव्हा रोशन म्हणाला, "भैयाजी, सोडा. मी मशीनवर करून देतो."

त्याच्या मते सोपं काम होतं. मजकूर एकदाच लिहायचा. घराघरात जिथं फरक पडतो, तिथं नुसती खूण ठेवायची: इथं नाव, इथं गाव, इथं घरची ओळ. मग घराघरांची माहिती एका फाईलमध्ये भरायची आणि पीएचपीला सांगायचं, की एकेक घर घे आणि खुणांच्या जागी त्या घरचे शब्द बसव. बसले की छाप. पहिल्या झटक्यात त्यानं खूण म्हणून साधे शब्दच ठेवले, "नाव" आणि "गाव". आणि झाली ना मजा! मशीनला काय अक्कल! तिनं जिथं जिथं "गाव" दिसलं तिथं तिथं सोयऱ्याचं गाव आरमोरी बसवलं. समस्त गावकरी मंडळींचे समस्त आरमोरीकरी झाले. दसरू गावतुरे कागद हातात धरून दुकानात आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "रोशन, माह्या बापानं मले गावतुरे ठेवला. तू आरमोरीतुरे काऊन केला बे?" मिलमधले हमालसुद्धा पोट धरून हसले.

मग पोरानं डोकं लावलं. प्रत्येक खुणेला महिरपी कंस घातले, म्हणजे मजकुरातला खराखुरा "गाव" वेगळा आणि खुणेतला वेगळा. आणि एकेक खूण वेगवेगळी बदलत बसायचं सोडून दिलं, कारण तसं केलं की आधी बसवलेल्या शब्दांवरूनही पुढची फेरी फिरते आणि नीट बसलेलं पुन्हा विस्कटते. पीएचपीत एसटीआरटीआर नावाची एक सोय आहे. तिच्या हातात सगळ्या जोड्या एकदम द्यायच्या, ही खूण, हा शब्द. ती मजकुरावरून एकदाच चालत जाते आणि जे बसवलं त्याला परत हात लावत नाही. हे जमलं त्या दिवशी रोशननं चहावाल्याला बोलावून सगळ्या मिलला चहा पाजला. का पाजला ते कोणाला कळलं नाही, पण चहाला कोण नाही म्हणते?

त्या साली पहिल्यांदा छापील चिठ्ठ्या गेल्या. लटारूच्या घरून एकच महत्त्वाची चिठ्ठी जायची होती, सिरोंच्याला. रोशनची मोठी बहीण दिव्यानी तिथं दिली होती. तिचा नवरा अमर गोदावरीवर जाळं टाकायचा. जावई मोठा गमत्या माणूस. सासऱ्याला चिडवायचा, "मामाजी, तुमच्या तलावातल्या मासोळ्या झोपल्या राहतात. धराले काय मजा? गोदावरीत या, मंग पाहा." लटारू वरवर चिडायचा, पण हा जावई त्याला पोटच्या पोराहून जवळचा होता. पोरगा डब्ब्यात डोकं घालून बसलेला. जाळ्याची गोष्ट करायला घरात दुसरं होतं कोण? तर लटारूनं घरची ओळ सांगितली, "जावईबापू, येताना जाळं घेऊन या. तलाव तुमची वाट पाहून राह्यला."

आणि जावई खरंच जाळं घेऊन आला. यष्टीच्या टपावर जाळं आणि खिडकीत हा, शेजारी दिव्यानी, मांडीवर लहानगी रिंकू. नाटक अर्ध्यात सोडून सासरे-जावई तलावावर गेले ते उजाडल्यावर चिखलात माखून परतले, डालीभर मासोळ्या घेऊन. दिव्यानी कमरेला पदर खोचून अंगणात उभीच होती. "तिकडं स्टेजवर हिरो रडून राह्यला होता आणि आमचा हिरो गाळात लोळून राह्यला होता. काय नशीब माह्यं!" असं म्हणाली आणि इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. रोशनला बहिणीचं ते हसणं फार आवडायचं. लहानपणापासून तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. तो तिला बाई म्हणायचा. ती सासरी गेली तेव्हा हा पोरगा दोन दिवस जेवला नव्हता, आणि मंडई म्हणजे त्याच्यासाठी बाई घरी येण्याचा दिवस, बाकी काही नाही.

पुढच्या श्रावणात अमर गेला. हिवताप मेंदूत चढला. नाले भरलेले, रस्ता बंद, दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली तेव्हा उशीर झाला होता. पंचवीस-तीसचा माणूस, जाळ्यासारखा दणकट, चार दिवसांत संपला. लटारू आणि रोशन पोहोचेपर्यंत सारं आटोपलं होतं. रोशन दिव्यानीजवळ बसला, तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, एवढंच.

कार्तिक आला. मंडई कोणाच्या मरणासाठी थांबत नाही. पण दुःखाच्या घरी चिठ्ठी पाठवत नाहीत. तिथं माणूस जातो, लेकीला स्वतः घेऊन येतो. लटारू म्हणाला, "चिठ्ठी नाई. मी जातो सिरोंच्याले. आणतो माह्या लेकीले चार दिवस माहेरी." गुणाबाईनं तिच्यासाठी नवं लुगडं नाही घेतलं, कोणतं घ्यावं तेच तिला उमगेना. पण पोह्यांचा चिवडा करून डब्यात भरून ठेवला.

रोशननं मागच्या सालची फाईल उघडली. तारीख बदलली, नाटकाचं नाव बदललं. ज्यांनी ज्यांनी नवी ओळ सांगितली त्यांच्या ओळी बदलल्या. खाली खाली जात तो आपल्या घराच्या रांगेशी आला. अमर, दिव्यानी, सिरोंचा. ती रांग काढून टाकायची होती, बाकी काही नाही. त्यानं बोट कळीवर ठेवलं आणि त्याच्यानं काही होईना. उद्या काढू म्हणाला. उद्या आला तरी तेच. रोज फाईल उघडायचा, सगळं तपासायचा आणि त्या रांगेशी आला की दुसऱ्याच कामाला लागायचा. स्वतःच्या हातानं अमरभाऊला मिटवायचा कसा? तुम्हीच सांगा.

तेव्हा लोडशेडिंग असं, की वीज यायची पाहुण्यासारखी आणि जायची जावयासारखी, रुसून. एका दुपारी अचानक लाईट आली. भैयाजींचा माणूस बिरजू दारात उभाच, चिठ्ठ्या आजच्या आज टपालात टाकायच्या म्हणून. रोशननं घाईघाईत सगळं एकदम छापायला लावलं. बिरजूनं गरम गरम कागद उचलले आणि गेला. गावात बायांनी घड्या घातल्या, पाकिटं चिकटवली, आणि चिठ्ठ्या गेल्या.

आठवडाभरानं लटारू सिरोंच्याला गेला आणि एकटाच परत आला. अंगणात खाटेवर बसला. गुणाबाईनं पाणी दिलं, तेही घेतलं नाही. रोशन दुकानातून आला तेव्हा बापानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मग म्हणाला, "तुही चिठ्ठी माह्या आधी पोचली. अमरच्या नावानं. जाळं घेऊन या म्हणते." गुणाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "बाई काय म्हणे?" रोशननं कसंबसं विचारलं. लटारू म्हणाला, "काई नाई म्हणे. नाई येत म्हणे." त्यानंतर बापलेकांचं बोलणंच बंद झालं.

मंडई झाली. नाटक झालं. रोशन दुकान बंद करून गावातच होता, पण मांडवात गेला नाही. मंडई संपली तसा त्यानं प्रोग्राम पुन्हा काढला. रांग काढायची राहिली ही एक चूक, पण मुळातली चूक कुठं होती ती त्याला आता दिसत होती. सगळं जग जोडीनंच राहतं असं धरून त्यानं "श्री. व सौ." हे मजकुरातच पक्कं ठेवलं होतं. त्याला खूणच नव्हती. ज्या गोष्टीला खूण नाही ती मशीन बदलणार कशी? आता त्यानं तिथंही खूण ठेवली. जोडीचं घर असेल तर एक मजकूर, एकटी बाई असेल तर तिच्या नावानं दुसरा. गंज, म्हणजे पुष्कळ दिवस लावले त्यानं ह्या कामाला. शकुबाईची विधवा बहीण कांता, तिला आजवर दिराच्या नावानं चिठ्ठी जायची. तिच्या नावाचा नमुना छापून दिला तर ती बाई कागदावर हात फिरवत म्हणाली, "माह्यं नाव किती दिवसांनी पाह्यलं मी!" त्यानं रोशनला थोडी हिंमत आली. त्यानं दिव्यानीच्या नावाची नवी चिठ्ठी छापली आणि सिरोंच्याची गाडी धरली.

वडशाहून सिरोंचा म्हणजे दिवसभराची यष्टी. आरमोरी, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली, आणि पुढं जंगलच जंगल. सगळा रस्ता तो मनात बोलणी जुळवत होता. बाई ओरडेल, ओरडू दे. मारेल, मारू दे. एकदा फक्त तिनं म्हणावं, चल रे, येते मी.

घर नदीच्या काठावर. दिव्यानीची सासू चंदाबाई ओट्यावर बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि तेलुगूत म्हणाली, "रा, कूर्चो." ये, बस. एवढं तेलुगू रोशनला कळत होतं. दिव्यानी आतून आली. वाळली होती. भावाला पाहून तिचा चेहरा हलला, पण ती आधी पाणी आणायला गेली.

"बाई," रोशन म्हणाला, तांब्या हातातच होता, "माह्यी चूक झाली. मले ते नाव मिटवाचं होतं. माह्यानं मिटवनं झालं नाई."

दिव्यानी समोर बसली. "बरं झालं नाई मिटवलं," ती म्हणाली.

रोशनला वाटलं, ती टोमणा मारते आहे. ती टोमणा मारत नव्हती.

"इथी कोणी त्याईचं नाव नाई घेत रे. सासूबाई नाई घेत, रडू येते म्हून. शेजारचे नाई घेत, मले वाईट वाटीन म्हून. ज्याले त्याले वाटते, नाव नाई घेतलं का मी लवकर इसरीन. मलेबी वाटाले लागलं, असा कोणी माणूस होता का नव्हता! अन् एक दिवस पोस्टमन आला. नवा होता, त्याले काय माईत. दारातून मोठ्यानं आवाज देते, अमर कोण जी? अमरले चिठ्ठी आहे." ती थांबली. "मी म्हणलं, आहे. द्या."

चंदाबाईनं पदर डोळ्यांना लावला. तिला सगळं मराठी कळत नव्हतं, पण पोराचं नाव कळलं होतं.

"मंग बाबा आले न्याले," दिव्यानी म्हणाली. "मी बोचकं बांधलं होतं. खरंच बांधलं होतं, रोशन. मले काय माहेर नाई पायजे? रोज आठवते. मायचं घर, तो तलाव, तू. पर मंग वाटलं, तिथी त्याईले बोलावणं आहे. बाबा जाळं घेऊन या म्हणतेत. चिचटोल्यात तं तो आहे अजून. मी एकटी जाऊन उभी राह्यली, तं तिथीबी तो मेला."

रोशननं खिशात हात घालून नवी चिठ्ठी काढली आणि पुढं धरली. दिव्यानीनं ती वाचली. श्रीमती दिव्यानी. तिचं गाव, मंडई, आणि खाली त्यानं स्वतः लिहिलेली ओळ, "बाई, घरी ये." तिनं हळूच घडी घातली आणि भावाच्या हातात परत दिली.

"चांगली लिवली. बरोबरच आहे सारं. पर हे तू ने."

"मंग पुढच्या साली?"

"पुढच्या सालीबी तसीच पाठवजो. त्याईच्या नावानं. बाबाले म्हणजो, ओळ नाई बदलाची."

"अन् तू कधी येशीन बाई?" रोशन म्हणाला. "मायनं चिवडा करून ठेवला होता. ते रोज रस्त्याकडं पायते. मले... मले बी तू पायजे."

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो लहान असताना फिरवायची तसा. "येईन ना रे. ज्या साली मले वाटन का तो आता नाई, त्या साली येईन. एकटीच येईन, समजून घेजो."

परत आल्यावर रोशननं बापाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. लटारू इतक्या दिवसांनी पहिल्यांदा पोराशी बोलला. "मंग पाठव तिले पायजे तसी," म्हणाला आणि तोंड फिरवून रडला.

तेव्हापासून चिचटोल्याच्या चिठ्ठ्या अगदी बिनचूक जातात. जोडीला जोडीची, एकटीला एकटीची, कोणाचं नाव चुकत नाही. फक्त एका घराची रांग रोशननं प्रोग्रामच्या बाहेर ठेवली आहे आणि ती चिठ्ठी तो वेगळी छापतो, त्याच जुन्या मजकुरात, त्याच ओळीसकट. टपालातही तोच टाकतो, बिरजूच्या हाती देत नाही. मंडईच्या दिवशी गुणाबाई सकाळपासून रस्त्यावर उभी असते. "यंदा येईन का रे बाई?" असं दर गाडीला विचारते. रोशन तिच्या बाजूला उभा राहतो. दुरून धूळ दिसली, गाडी वळणावर आली, की त्याचा जीव वरखाली होतो. बहिणीला डोळे भरून पाहावं, रिंकूला कडेवर घ्यावं, ते हसणं एकदा परत ऐकावं, ह्यासाठी तो वर्षभर तरसलेला असतो. आणि गाडी थांबून दार उघडलं, की तोच रोशन मनातल्या मनात म्हणतो, नको येऊ बाई. यंदा नको.